गिरजाकाकूंचा लोकरीचा ॲप्रन

अन्याय झाला तो गिरजाकाकूंवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी 'आम्हाला काही माहीतच नव्हतं' म्हणायला नको. यंदाच्या संक्रांतीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दिवेलागणीला, पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत, जाधवकाकूंच्या दारात, चपलांच्या ढिगाशेजारी. अन्याय करणाऱ्या सगळ्या बायका मला परकर-पोलक्यापासून ओळखतात. त्यातली एक माझी आई आहे.

पण आधी गिरजाकाकू कोण ते कळायला हवं. कारण त्यांच्यावर अन्याय होऊ शकतो हेच गल्लीत कुणाला पटत नाही. गल्लीचं म्हणणं, अन्याय त्याच करतात. लोकरीचे ॲप्रन वाटून.

काकूंकडे विणकामाचं मशीन आहे. टेबलाएवढं लांब, ओळीनं बारीक सुया आणि त्यांच्यावरून हातानं सरकवायची गाडी. गाडी या टोकाची त्या टोकाला गेली की खर्रर्र, एक रांग तयार. बाकी जग अशा मशीनवर स्वेटर विणतं. पण आमच्याकडे थंडी ती कितीशी? स्वेटर कपाटातून काढून उन्हात टाकावा, तोवर उन्हाळाच येतो. मग काकूंनी ठरवलं, सैपाकघरात बारा महिने काम असतं, तर ॲप्रन विणायचा. लोकरीचा. गॅससमोर घालायला.

ऐन एप्रिलमध्ये त्या गुलमंडीच्या बाजारात लोकर आणायला जायच्या. एकदा मी सोबत होते. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "काकू, ये मौसम में लोकर? लोगां रुमाल बी नै ले रे अब्बी."

"तुमी मोसम नका सांगू. ती वरची शेवाळी लडी काढा."

"वो तो पारसाल की है."

"मग काय शिळी झाली का? काढा म्हनलं ना."

काढली. काकूंपुढं कुणाचं चालत नाही.

विणलेलं कापड खाली ताणलेलं राहायला त्याला वजनं टांगावी लागतात. मशीनसोबत आलेली वजनं कधीच हरवली. तेव्हापासून घरात येणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे, इकडं काकूंची नजर. कुलूप, टॉर्च, भाजीची पिशवी, जे दिसेल ते टांगलं जातं. मी एकदा हुंड्याविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन गेले होते. काकूंनी तो सुतळीनं बांधून टांगला, दोन रांगा विणल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, तुझ्या पत्रकाचा कुनाला तरी उपेग झाला."

कुठंही काही बिनसलं की काकूंचं एकच निदान, "कुटंतरी टाका सुटला." लोणच्याला बुरशी आली, टाका सुटला. कुणाची सून माहेरी निघून गेली, टाका सुटला. निवडणुकीचा निकाल लागला तेव्हाही त्या टीव्हीकडं बघून हेच म्हणाल्या, आणि त्याहून नेमकं विश्लेषण मी अजून ऐकलेलं नाही.

मी ॲप्रनची वकिली करत नाही. ॲप्रन वाईटच. कडा पापडासारख्या वळतात. एकदा धुतला की गुडघ्यापर्यंतचा घोट्यापर्यंत येतो. फोडणीचा थेंब उडाला की भोक. आमच्या आईनं तिचा कुकरखाली अंथरला. सिलिंडरवाल्यानं खांद्यावर घेतला, तर काकू भर रस्त्यात ओरडल्या, "खांद्यावर न्हाय रे, गळ्यात! गळ्यात घालायचा असतो!"

गळ्यात घालणारं माणूस गल्लीत एकच होतं. विश्वनाथकाका. काकूंचे यजमान.

काका चितेगावच्या एका कंपनीत होते. पहिल्या पाळीवरून यायचे, हातपाय धुवायचे, ॲप्रन घालायचे आणि ओट्याशी उभे राहायचे. त्या घरात सैपाक काकांचा आणि मशीन काकूंचं. गल्लीतले पुरुष खिडकीतून टोमणे मारायचे, "काय विश्वनाथराव, आज काय बेत?"

"शेपू. या की जेवायला. पर हितं ॲप्रन घातल्याबिगर वाढत न्हायीत."

मे महिन्यात छातीवर लोकर बांधून, घामानं निथळत, हा माणूस भाकरी थापायचा. कधी कुरकुर नाही. मागच्या श्रावणात काका गेले.

आता तो शुक्रवार. काका गेल्यापासून काकूंनी गल्लीतल्या प्रत्येक घरासाठी एकेक ॲप्रन विणला होता. संक्रांतीला बायका वाण देतात. कुणी प्लास्टिकचा डबा, कुणी चाळणी. काकूंनी ठरवलं, आपण ॲप्रन द्यायचे. पिशवी भरून त्या जाधवकाकूंच्या हळदीकुंकवाला आल्या. आत सगळ्या बायका बसल्या होत्या, मी तिळगूळ वाटत होते. जाधवकाकू लगबगीनं दारात गेल्या. आवाज असा गोड की साखरफुटाणे.

"अगं बाई, गिरजाकाकू! तुमी कशापायी तरास घेतला? ठेवा ती पिशवी तितंच. तिळगूळ देते की पाठवून पोरीसंगं."

म्हणजे आत येऊ नका. नवरा गेलेल्या बाईनं हळदीकुंकवाला यायचं नसतं, आणि तिच्या हातचं वाण घ्यायचं नसतं. हे कुणी म्हणालं नाही. म्हणावं लागतच नाही, इतकं ते सगळ्यांना पाठ आहे. आई खाली मान घालून बांगड्या फिरवत बसली.

मी ताट आदळलं. "हा काय प्रकार आहे?" असं सुरूही केलं. तर काकूच म्हणाल्या, "ए, गप. लोकाच्या घरी भाषन न्हाय करायचं." त्यांनी पिशवी चपलांशेजारी टेकवली आणि निघून गेल्या. एकाही बाईनं त्या पिशवीला हात लावला नाही. निघताना सगळ्यांनी तिला वळसा घालून चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंकडं गेले. पत्रकाचा मजकूर डोक्यात तयार होता. काकू मशीनपाशी बसल्या होत्या, गाडी मध्येच थांबलेली.

"काकू, कुंकवावर तुमचाही हक्क आहे. आपण हे सोडायचं नाही."

"वरडू नको. सुया हालतेत."

"तुमचा अपमान झालाय!"

"मी कुकवासाठी गेलते व्हय?" काकू म्हणाल्या. "लावलं असतं तर लावून घेतलं असतं. न्हाय लावलं, न्हाय."

"मग गेलात कशाला?"

काकूंनी गाडीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "हे मशीन सैपाकघरात का मांडलंय, सांग बरं. उजेड तर भायेरच्या खोलीत जास्त हाय."

मी मशीनकडून ओट्याकडं पाहिलं.

"ते ओट्याशी, मी हितं. त्यांची पाठ माझ्याकडं. रांग झाली की मी मान वर करायची. ॲप्रनची गाठ दिसायची, कमरेवरची. भांडन असलं, अबोला असला, तरी गाठ दिसायचीच. लई वर्सं दिसली." काकूंनी एक सुई बोटानं मागं-पुढं केली. "मला वाटलं, बायका ॲप्रन नेतील. एखादी इचारायला यील, काकू, ह्यो बांधायचा कसा? उभी ऱ्हाईल तितं घडीभर. म्या मान वर केली की... कुनाची का असंना."

पत्रक राहिलं. मशीनवरून नुकताच उतरवलेला एक ॲप्रन गळ्यात घातला.

"मागं फिर," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गाठ मारली.

मी ओट्याशी जाऊन चहा टाकला. मला धड चहाही येत नाही. आलं जास्त झालं, दूध उतू गेलं. काकू एरवी त्यावरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्या दुपारी फक्त मागून खर्रर्र आवाज आला, एक रांग झाली. मग मशीन थांबलं. बराच वेळ थांबलं. मी वळून पाहिलं नाही.

पिशवी अजून जाधवकाकूंच्या दाराशी आहे आणि रथसप्तमी अजून व्हायची आहे, वाणाचे दिवस सरलेले नाहीत. तेव्हा मागणी एकच, आणि ती वाचणाऱ्या तुमच्याकडंच आहे. पुंडलिकनगरात राहत नाही म्हणून तुमची सुटका नाही. गिरजाकाकूंच्या दारासारखं एक दार तुमच्याही गल्लीत आहे, आणि त्याला तुम्हीही वळसा घातलेला आहे. बायांनो, आणि बाप्यांनो तुम्हीसुद्धा, पुढच्या मोर्चाला माझ्यामागं नाही आलात तरी चालेल. त्या घरात जा. ॲप्रन मागून घ्या, गाठ त्यांना मारू द्या, आणि ओट्याशी पाठ करून उभे राहा. काही रांधता आलं नाही तरी लगेच निघू नका.