शुद्ध कुस्तीचा ठराव

अमरावतीत राजापेठेच्या मोकळ्या मैदानावर माणिकबाईंच्या फ्रीस्टाइल दंगल कंपनीचा तंबू लागला, तेव्हा शहराची नैतिक स्थिती समाधानकारक होती. म्युनिसिपालिटीने परवानगी दिली होती, पोलिसांनी पुढच्या रांगेतल्या खुर्च्या स्वीकारल्या होत्या आणि लोक दर संध्याकाळी स्वखुशीने फसत होते.

खेळ साधा होता. दोरांच्या चौकटीत वऱ्हाडी कापसाने भरलेली गादी अंथरलेली असे. तिच्यावर आधी गोरापान, कुरळ्या केसांचा ओमप्रकाश 'शेर-ए-बेरार' म्हणून यायचा. मग काळा लंगोट लावलेला 'बगदादचा राक्षस' यायचा. तो शेराचे डोळे टोचायचा, पंचाची पाठ वळली की लाथ घालायचा आणि शेवटी उचलून आपटला जायचा. राक्षस मूळचा चांदूर बाजारचा. नाव गोवर्धन, घरचा धंदा फुलं आणि भाजी. बगदाद कोणत्या दिशेला आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो घसा खरवडून भाज्यांची नावं ओरडायचा, आणि पुढच्या रांगेतले वकील ती अरबी समजायचे.

हरणं ही गोवर्धनची नोकरी होती आणि तो ती चोख करत होता. पण त्याआधीच्या अकोल्याच्या मुक्कामात तेल्हाऱ्याचे उद्धवराव खेळ पाहायला आले. त्यांच्या शकुनशी गोवर्धनच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. खेळ संपताच ते तंबूच्या मागे आले.

"काहून रे, तू रोजच हारतं?"

"मामा, थो खेळ असते. आधीच ठरलेला राहते."

"मंग जिंकाचं ठरवत जा ना! चार लोकांत आपटून घेनाऱ्याले पोरगी देऊ, तं गावात तोंड कसं दाखवू? अमरावतीले एकडाव जिंकून दाखव. नाही तं तू तुह्या घरी, आमी आमच्या."

गोवर्धनने मालकिणीला गाठलं. "बाई, एक दिवस मले जिंकू द्या."

माणिकबाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "राक्षस जिंकला असं कुठं पाहिलंस का रे बाप्पा? लोक तंबूले काडी लावतील."

इथेच गोवर्धनचं लग्न मोडायचं. ते वाचलं एका निनावी पत्रामुळे. शहरातल्या साप्ताहिकात कुणीतरी लिहिलं की राजापेठेतली कुस्ती नुरा, म्हणजे आतून ठरवलेली आहे. ती रोज पाहणाऱ्या प्रतिष्ठितांना याचा जबर धक्का बसला. तातडीने सभा भरली आणि 'शुद्ध कुस्ती समिती' स्थापन झाली. निवृत्त नायब तहसीलदार भगवंतराव यांची अध्यक्षपदी उत्स्फूर्तपणे निवड झाली. ती उत्स्फूर्तपणे व्हावी असं आदल्या दिवशी त्यांच्याच घरी चहावर ठरलं होतं. कमलाकांत वकील चिटणीस झाले, आणि हायस्कुलातले विज्ञानशिक्षक तज्ज्ञ म्हणून घेतले गेले, कारण त्यांच्याकडे भिंग होतं.

समितीने ठराव केला: कंपनीने एक कुस्ती प्रामाणिकपणे करून दाखवावी, अन्यथा परवाना रद्द व्हावा.

गोवर्धनला आकाश ठेंगणं झालं. तो लहानपणापासून मळ्यात मोट ओढणाऱ्या बैलांशी झोंबला होता आणि लाल मातीत लोळला होता. ओमप्रकाशच्या अंगात फक्त केस होते, आणि हे ओमप्रकाशलाही माहीत होतं.

"गोवर्धनभैया," तो तंबूमागे हात जोडून म्हणाला, "दातों का ख्याल रखना. सामने के दो कंपनी के हैं."

ठरल्या संध्याकाळी तंबू फुटायला आला. समिती अगदी दोराला लागून बसली. उद्धवरावही तेल्हाऱ्याहून चार सोयरे घेऊन हजर होते.

शिट्टी वाजली. गोवर्धनने पट काढला, ओमप्रकाश चीत झाला.

 भगवंतराव अजून चष्मा पुसत होते.

"सरलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"अबे, आमी तं बूड टेकून राहिलो होतो!"

"नुरा हाय! मिळून खेळले लेकाचे!"

सगळ्यात मोठा आवाज उद्धवरावांचा होता.

दुसऱ्या दिवशी समितीने चौकशी केली. प्रश्न कमलाकांत वकिलांनी विचारले.

"ओमप्रकाश, तुम्ही प्रतिकार केला होता का?"

"करनेवाला था हुजूर. वक्त ही नहीं मिला."

"म्हणजे प्रतिकार झाला नाही. संगनमत उघड आहे. गोवर्धन, तू याचे डोळे टोचलेस?"

"नाही जी."

"दोरावर चढलास? पंचाला ढकललंस?"

"नाही जी. खरी कुस्ती करा म्हने, तं खरी केली."

"हे काहीच केलं नाहीस, तर तिला कुस्ती कशाच्या आधारावर म्हणायचं?"

गोवर्धनने आधार म्हणून ओमप्रकाशच्या सुजलेल्या पाठीकडे बोट दाखवलं. विज्ञानशिक्षकांनी भिंगातून पाठ तपासली आणि सांगितलं, "सूज आहे. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय ठरेल. प्रयोग पुन्हा झाला पाहिजे. अपेक्षित निष्कर्ष येईपर्यंत होत राहिला पाहिजे."

सत्य काय होतं यावर मतं घेण्यात आली. सत्य बहुमताने पडलं.

फेरकुस्तीच्या अटी समितीने स्वतः तयार केल्या. कुस्ती अर्ध्या तासाच्या आत संपू नये. राक्षसाने प्रारंभी सर्व प्रकारचा अन्याय करावा. शेराने एकदा तरी मरणाच्या दारातून परत यावं. अखेरीस न्यायाचा विजय व्हावा आणि तो मागच्या रांगेतूनही दिसावा.

माणिकबाईंनी अटी ऐकून पदर सावरला. "साहेब, हाच तं आमचा रोजचा खेळ आहे."

"मुळीच नाही," भगवंतराव कडाडले. "रोजचा तुम्ही आपसात ठरवता. हा सार्वजनिक सभेत ठरला आहे."

गोवर्धन काही बोलायला गेला, तेव्हा बाईंनी त्याला कोपराने ढोसलं.

फेरकुस्ती अविस्मरणीय झाली. राक्षस दोर हिसडतच आत शिरला आणि त्याने "भेंडी! चवळी! तोंडली!" अशी गर्जना केली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांवर पदर घेतला. त्याने शेराला दोरात गुरफटवलं, केस धरून गादीभर फिरवलं, पंचाला समितीच्या मांडीत फेकलं. शेर निपचित पडला. तंबूत हुंदके ऐकू आले. मग शेराचं एक बोट हललं, मग हात, मग कुरळे केस. तो दोरावर चढला, तिथून त्याने पाखरासारखी झेप घेतली, आणि राक्षस असा आपटला की गादीची शिवण उसवून कापूस किटसनच्या बत्त्यांपर्यंत उडाला. भगवंतरावांना अश्रू आवरेनात. त्यांनी जागेवरच ही कुस्ती शुद्ध असल्याचं प्रमाणपत्र दिलं आणि त्याची प्रत डेप्युटी कमिशनरसाहेबांकडे माहितीसाठी रवाना केली.

गोवर्धन पाठीचा कापूस झटकत तंबूमागे आला. लग्न गेलं हे त्याने धरूनच ठेवलं होतं. समोरून उद्धवराव धावत आले आणि त्यांनी त्याला कवटाळलं.

"जवाईबापू! त्या दिवशी जिंकला, तं मले वाटलं, लबाड मानूस हाय. आज हारला, पन इमानदारीनं हारला. कागद हाय समितीचा! पोरगी तुमालेच."

"मामा, पन खरी तं थे पयली..."

"लग्नाची तारीख बोला," उद्धवराव म्हणाले. गोवर्धन तारीख बोलला.

लग्नानंतर एका सकाळी चांदूर बाजारच्या मळ्यात शेवंती तोडताना त्याला राहवलं नाही. जगात एका तरी माणसाला ठाऊक असावं, म्हणून त्याने शकुनला सगळं सांगितलं: पहिली कुस्ती खरी होती, ती तो खरोखर जिंकला होता, दुसरी अटीबरहुकूम हरला होता.

शकुनने ओट्यातली फुलं टोपलीत रिकामी केली. "बरं," ती म्हणाली. "पन थो दोरावरून कशी झेप घेऊन आला होता, थे सांगा ना अजून एकडाव."

 गोवर्धनने टोपली बाजूला ठेवून, हातवारे करून, ती झेप पुन्हा सांगितली.

वाचकहो, आपण शकुनला हसण्याचं कारण नाही. खरी कुस्ती वर एका ओळीत उरकली, तेव्हा आपणही तक्रार न करता पुढे वाचत आलात. आणि झेप मात्र अजून आठवते आहे.