अप्पांना पसंत पडेल अशी गाडी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी काय बघतो? कोणी बॉनेट उघडतो, कोणी किती किलोमीटर पळालीय ते बघतो, कोणी उगाच टायरला लाथ मारतो. आमचे मन्मथअप्पा गाडी विकणाऱ्याच्या चपला बघतात. नुसत्या बघत नाहीत, पायातून काढायला लावतात. समोरचा माणूस गोंधळून अनवाणी उभा राहतो. मग अप्पा त्यातली उजव्या पायाची चप्पल उचलतात, उलटी करतात आणि तळाशी अंगठा फिरवून निकाल देतात.

"टाच हाय तशीच हाय अन् पुढचा पंजा झिजलाय. म्हंजे ह्यो गडी ब्रेकवर नाचत गाडी चालवतो. चला, डाक्टर."

एकदा बीडमध्ये एका गृहस्थांच्या पायात नाड्यांचे बूट होते. त्यांनी नाड्या सोडेपर्यंत अप्पा हात मागे बांधून शांतपणे उभे राहिले. आणखी एकदा विकणारा मुळातच अनवाणी आला, त्याचा कसला तरी नवस होता. गाडी चांगली होती, पण अप्पांनी ती नाकारली. पुरावाच नाही तर भरवसा कशावर ठेवायचा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

चौसाळ्यात हमरस्त्याला लागून अप्पांचं किराणा दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून माझं मेडिकल. मी औषधं विकतो, लिहून देत नाही, हे सांगून मी थकलो, पण अप्पांनी मला डाक्टर म्हणायचं सोडलं नाही. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, अंगात पांढरा शर्ट, आणि तोंडात दोनच शब्द, "घाई कावून?" गिऱ्हाईक साखर मागतं तेव्हाही ते हेच विचारतात आणि कोणी नवी गाडी बुक केली म्हणून पेढे घेऊन आला तरी हेच.

गावात मात्र अप्पांना दाखवल्याशिवाय चारचाकी घेत नाहीत. मुलगी बघायला जाताना जसा एक जाणता माणूस बरोबर नेतात, तसं गाडी बघायला अप्पांना नेतात. हे शास्त्र ते कुठं शिकले, याचा मी बराच शोध घेतला. त्यांनी आयुष्यात एकच जीप चालवली, तीही विकून आता मोटारसायकलवर फिरतात. विचारलं तर समोरच्या रस्त्याकडे बोट करतात. दिवसभर गल्ल्यावर बसून ते गाड्या बघत असतात, हे खरं आहे. नुसत्या हॉर्नवरून ते चालवणाऱ्याचा स्वभाव सांगतात. माणसांची जातकुळीही त्यांनी गिअरवर लावलेली आहे. आमचे सरपंच रिव्हर्सचे, त्यांची बायको टॉप गिअरची, आणि मी न्यूट्रलचा. म्हणजे आवाज येतो, पण गाडी हलत नाही. हे त्यांनी मला माझ्याच दुकानात बसून सांगितलं.

संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर सल्ला मागणारे जमतात. एकदा एकाने विचारलं, "अप्पा, पेट्रोल घिऊ का डिझेल?"

"रोज कुठं जातो बे?"

"घरून रानात अन् रानातून घरी."

"मंग बैल घी."

छताला काच असलेल्या गाडीवर त्यांचा विशेष राग आहे. आमच्याकडचा उन्हाळा माहीत असून डोक्यावर तवा कशाला ठेवायचा, असं ते विचारतात. हल्ली काही गाड्यांना स्टेपनी बारकी देतात, ती पाहून तर ते फारच दुखावले. "पावणा जेवायला बसल्यावर त्याच्या ताटात अर्धी भाकर वाढावी, तसं झालं हे," असं म्हणून त्यांनी ती डिकी स्वतःच्या हातांनी बंद केली.

आता त्यांची पारख दर वेळी खरी ठरते, असं मुळीच नाही. माझी गाडी त्यांनीच पसंत केली. मालकाच्या चपला निर्दोष होत्या. दुसऱ्याच महिन्यात रेडिएटर गळायला लागला. मी तणतणत त्यांच्याकडे गेलो, तर क्षणभर विचार करून म्हणाले, "चपला त्याच्या न्हवत्याच, डाक्टर. मेहुण्याच्या घालून आलता त्यो." मी मुकाट्याने रेडिएटर दुरुस्त करून आणला.

तर अशा अप्पांना स्वतःच्या घरासाठी गाडी बघायची वेळ आली.

त्यांची धाकटी लेक भाग्यश्री, म्हणजे भागू, हिला बीडच्या एका खाजगी दवाखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी लागली. ड्यूटी भल्या सकाळची. त्या वेळेला एसटीचा भरवसा नाही. भागूने घरात सरळ सांगितलं की पहिल्या तारखेच्या आत गाडी आली तर ती रोज घरून ये-जा करेल, नाही आली तर बीडमध्ये मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहील. ड्रायव्हिंग ती शिकली होती, आणि तेही बीडच्या क्लासमध्ये. निम्म्या गावाला गाडी निवडून दिलेल्या बापाला न विचारता शिकली, याचा अप्पांना राग आला होता. क्लासवाल्याने तिला काय शिकवलं असेल, हे तपासायला त्यांनी तिला माझ्या गाडीत बसवून बसस्टँडपर्यंत नेलं. परत आले ते थेट गल्ल्यावर जाऊन बसले. ती चांगली चालवत होती.

मग गाड्या बघणं सुरू झालं. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि शेजारी अप्पा. नेकनूरची गाडी लाल निघाली म्हणून गेली. लाल गाडी बघितली की मागच्याला ओव्हरटेक करायची खुमखुमी येते, म्हणे. केजची गाडी मालकाने फार पुसून ठेवली होती म्हणून गेली. गेवराईची गाडी मला मनापासून आवडली, पण तिचा मालक जांभई देत बोलत होता. झोपाळू माणसाची गाडीही घाटात झोपते, असं अप्पा म्हणाले. मला हसू येत होतं आणि कुतूहलही वाटत होतं. हे गृहस्थ नेमकं शोधताहेत तरी काय? इतरांची गाडी दोन फेऱ्यांत ठरवणारा माणूस लेकीच्या गाडीला एवढा का अडतोय?

तिकडे पहिली तारीख जवळ येत चालली आणि भागू खोल्या बघायला लागली.

शेवटी माजलगावची एक गाडी कळली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ विकत होते. पांढरी, छोटी, डोळे झाकून घ्यावी अशी. अप्पांनी बॉनेट उघडलं, बंद केलं. टायर दाबले. खाली वाकून बघितलं. स्टेपनीसुद्धा पुरती होती. गृहस्थांनी अप्पांच्या ख्यातीबद्दल ऐकलं असावं, कारण त्यांनी चपला आपण होऊन काढून दिल्या. दोन्ही चपला सारख्या झिजलेल्या. मला वाटलं, सुटलो.

अप्पांनी चप्पल खाली ठेवली आणि म्हणाले, "मालक लई चांगला माणूस हाय. एवढा चांगला माणूस गाडी इकतो कावून?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. त्या गृहस्थांची माफी मागून मी अप्पांना जवळजवळ ओढतच गाडीत घातलं आणि निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. मागे थांबल्या थांबल्या मी मनात होतं ते सगळं बोलून घेतलं. "पोरीला खोलीवरच पाठवायचंय का तुम्हाला? मग तसं सांगा. माझं पेट्रोल तरी वाचेल."

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलं.

"खोट गाडीत न्हाई, डाक्टर," ते म्हणाले. "खोट माझ्यात हाय. मला भ्या वाटतंय."

अप्पांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

"दुकानात बसून मी जन्मभर ह्यो रोड बघितलाय. कोण कसं चालवतं, कोण पिऊन चालवतं, सगळं बघितलंय. ती लई चांगली चालवती, पर समोरून येणाऱ्याचं काय? त्याच्या चपला मी कुठं बघू?" त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "खोली घिऊन राह्यली तर मला सुट्टीलाच दिसंल. घर खायला उठंल. गाडी घिऊन दिली तर ती रोज दिसंल, पर रोज ती मांजरसुंब्याचा घाट उतरंस्तोवर माझा जीव टांगणीला. मंग मी काय करावं, तुमीच सांगा."

मी पडलो न्यूट्रलचा माणूस. पण माझीही एक पोर पुण्यात आहे आणि सणासुदीलाच दिसते. म्हणून जे वाटलं ते बोललो. "अप्पा, भीती दोन्हीकडं आहेच. मग ज्यात लेक संध्याकाळी घरी जेवायला येते, ती भीती घ्या."

रांग पुढे सरकली. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, तेवढ्यात अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"वळवा," ते म्हणाले. "त्यो माणूस गाडी दुसऱ्याला दिऊन बसंल. बिगीबिगी वळवा."

त्यांना घाई झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

गाडी आली. कपिलधारच्या देवस्थानी नेऊन पूजा झाली, चार चाकांखाली चार लिंबं चिरडली. नोकरीच्या पहिल्या दिवशी भागू म्हणाली, "अप्पा, आज तुमी बसा की शेजारी." सगळ्या गावाच्या गाडीत पहिल्या दिवशी शेजारी बसणारे अप्पा नको म्हणाले. "मी बसलो तर तू रोड सोडून माझ्याकडं बघशील. जा. अन् फोन करू नको, मीबी करणार न्हाई. चालवणाऱ्याला फोन करणारा अन् चालवताना उचलणारा, दोघंबी गाढवं." ती निघून गेली, आणि अप्पा दुकानात येऊन तांदूळ निवडायला लागले. बाप एवढा घट्ट निघाला म्हणून मला आश्चर्य वाटलं.

पुढे काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की रोज सकाळी मी शटर उघडतो तेव्हा अप्पांचा फोन वाजत असतो. फोन छोटा असतो. "गेली? बरं." थोड्या वेळाने पुन्हा एक. "गेली? कशी चालली होती? बरं, बरं." भिंत सामाईक असल्यामुळे ऐकू न येण्याची सोय नव्हती. शेवटी मी विचारलंच, की हे कोण रोज कुठं जातं? अप्पा म्हणाले, "मालाची गाडी." आमच्या गावात किराणा मालाची गाडी बीडहून येते, बीडला जात नाही. पण मी पुढे विचारलं नाही.

त्याचं उत्तर मला परवा मिळालं. औषधांचा माल आणायला बीडला जायचं होतं, माझी गाडी गॅरेजला दिलेली, म्हणून भागूबरोबर निघालो. पोरगी झकास चालवत होती. मांजरसुंब्याच्या चौकाजवळ आली तशी रस्ता मोकळा असूनही तिने वेग अगदी कमी केला. डावीकडे पंक्चरचं दुकान होतं. दुकानदाराने गाडी बघून हात वर केला आणि लगेच खिशातून फोन काढला. त्याचा टेम्पो अप्पांनीच बघून दिलेला, हे मला माहीत होतं.

घाट उतरून पालीला आलो. तिथेही ढाब्यासमोर तिने गाडी हळू केली. ढाब्यावरचा माणूस तर रस्त्याच्या कडेला येऊनच उभा होता.

"भागू, ही मालाची गाडी तूच ना?" मी विचारलं.

ती हसली. "तुमाला बी तेच सांगितलं का? मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, काका. ज्यांना ज्यांना गाडी बघून दिलीय, त्यांना वाटंवर उभं केलंय. मला आधी राग आला. वाटलं, पाळत ठेवतात. मग एक दिवस लई धुकं होतं. ह्या लोकांना माझी गाडी दिसलीच नाही अन् मी तशीच पुढं गेले. अप्पा दुकान उघडं टाकून, त्या धुक्यात मोटारसायकल घेऊन थेट बीडपर्यंत आलते. लॅबच्या समोर माझी गाडी उभी दिसली, तसे माघारी गेले. वर आले बी नाहीत. मी खिडकीतून बघितलं."

"मग संध्याकाळी काही बोलली नाहीस?"

"विचारलं की, कुठं गेलतात म्हणून. म्हणाले, कपिलधारला दर्शनाला. मी म्हणलं, बरं." तिने आरशात मागे बघितलं. "त्या दिवसापासून ह्या दोन्ही ठिकाणी गाडी हळू करते. दिसली पाहिजे ना."

मी मागे वळलो. ढाब्यावरचा माणूस फोन कानाला लावून आमच्या गाडीकडे बघत बोलत होता, आणि मला एकदम माझ्या पुण्यातल्या पोरीची आठवण आली.

"आई सांगती, पालीचा फोन येईपर्यंत चहाला हात लावत नाहीत," भागू म्हणाली. "कप तसाच थंड होतो. आता घेतील." आणि तिने गिअर बदलला.