चष्मा घरी राहिला

परब सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, कात्री असायची. आणि त्या कात्रीने ते पाठ्यपुस्तकं कापायचे. हो, चांगली कोरी, फुकट वाटपाची पुस्तकं!

घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची शाळा. मी चौथीची बाई, शिवाय पुस्तकवाटपाची इन्चार्ज. म्हणजे या कात्रीची पहिली शत्रू मीच. ज्या मुलांना वाचन जमत नाही, गणित डोक्यात शिरत नाही, ती दिवसातून दोन तास परब सरांकडे, जिन्याखालच्या खोलीत पाठवायची अशी आमची पद्धत. त्या खोलीला आम्ही 'गोदाम' म्हणायचो. आज लिहितानाही लाज वाटते, पण म्हणायचो.

त्या गोदामात एका धड्याचे वीस तुकडे व्हायचे. एक वाक्य, एक चिठ्ठी. मी तणतणत गेले की सर शांतपणे म्हणायचे, "पुस्तक परत चिकटवता येता बाई, पोराची हिंमत चिकटवूक येणा नाय."

"अहो, पण वर्षाअखेरीला पुस्तकं परत घ्यायची असतात! मी काय चिठ्ठ्या जमा करू?"

"करा ना. मोजूक मदत करतंय."

एकदा माझ्या डब्याच्या झाकणात रवा ओतून त्यांनी एकाकडून 'क' गिरवून घेतला. वजाबाकी तर जिन्यावर चालायची. प्रत्येक पायरीवर खडूने आकडा, मुलं पुढे-मागे चढताहेत, उतरताहेत. एकदा मुख्याध्यापक वरून आले तर सर म्हणाले, "सर, तुम्ही सतरावर उभे आसात. जरा चौदावर सरका, पोरगी अडकली हा." मुख्याध्यापक मुकाट्याने चौदावर सरकले. आम्ही वरून कठड्याला धरून हसत होतो.

दुसरी गंमत म्हणजे त्यांचा चष्मा. परिपत्रक आलं, सही करायची आहे, की परब सर खिसे चाचपायचे. "चष्मा घरी राहिला. बाई, जरा वाचून दाखवा ना." चौदा वर्षं मी वाचून दाखवलं. चौदा वर्षांत तो चष्मा कोणी पाहिला नाही. "सर, तुमचा चष्मा घरी राहून कंटाळला असेल, त्याला एकदा शाळा दाखवा," असं मी सगळ्यांसमोर म्हणायचे. सरही हसायचे. जरा जास्तच हसायचे, हे आत्ता आठवतंय.

माझ्या वर्गात रेश्मा नावाची मुलगी होती. तोंडाने चुरूचुरू बोलणारी, पण पान समोर आलं की बोट ओळीवरून घसरायचं आणि ती रडकुंडीला यायची. "बाई, ओळी एकमेकींत घुसतात," म्हणायची. मला वाटायचं, नाटकं. परीक्षेच्या दिवशी ती बाथरूममध्ये कडी लावून बसायची. सरांनी वर्षभर तिच्यावर मेहनत घेतली आणि वार्षिक परीक्षेला ती पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर हॉलमध्ये बसायला तयार झाली.

सुपरवायझर मी होते. बघते तर रेश्माने प्रश्नपत्रिकेवर एक जुनाट पुठ्ठा ठेवलाय आणि तो खाली-खाली सरकवतेय. मी उचलला. मध्ये एका ओळीएवढी फट कापलेली आणि मागे बारीक छापील अक्षरं. झालं! कॉपी! ती अक्षरं मी वाचलीसुद्धा नाहीत. कॉपी सापडली तर सगळ्यांसमोर फाडायची, हा नियम मीच केलेला. मी टर्रकन फाडला.

रेश्मा रडली नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि दोन तास कोऱ्या पेपरकडे बघत बसली.

सर आले, कचऱ्याच्या डब्यातून दोन तुकडे उचलले. मला म्हणाले, "बाई, एकदा इचारूचा होता." बस्स. मी नियम सांगायला लागले, तोवर ते निघून गेले होते. पुढच्या महिन्यात रेश्माचे वडील दाखला घेऊन गेले. घर बदललं म्हणाले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू?

याला सहा वर्षं झाली. गेल्या एप्रिलमध्ये सर रिटायर झाले. निरोप समारंभात मुख्याध्यापकांना हुक्की आली, "मानपत्र सरांनीच वाचून दाखवावं!" सरांनी खिसे चाचपले. "चष्मा घरी राहिला." हॉल हसला, मीही हसले. मुख्याध्यापकांनी स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. आता सुटका नव्हती.

मी पहिल्या रांगेत होते. सरांचं बोट पहिल्या ओळीवर गेलं, दुसरीवर घसरलं, परत पहिलीवर आलं. कपाळावर घाम. हे बोट मी पाहिलं होतं. रेश्माचं.

मी उठले, समारंभाची दोन निमंत्रणपत्रं घेतली आणि मानपत्रावर अशी धरली की मध्ये एकच ओळ दिसेल. सरांनी वर पाहिलं नाही. वाचायला लागले. मी पत्रं खाली सरकवत गेले. लोकांना वाटलं, बाई सरांना मान देताहेत.

नंतर जिन्याखालच्या खोलीत त्यांनी कात्रीमागून, त्याच खिशातून, एक पुठ्ठा काढला. जुन्या लग्नपत्रिकेचा, मधोमध चिकटपट्टी लावलेला.

"माझ्या आयशीन कापललो. तिका अक्षर येय नव्हता, पण मी खंय अडकतंय ता दिसायचा. रेश्मा घाबरली होती, म्हणून त्या दिवशी तिका दिलेलंय." मग म्हणाले, "पोरांका मी कायम सांगतंय, लाजू नका, सगळ्यांसमोर वापरा. आणि आज खिशात असून माझो हात गेलो नाय, बाई."

"सर, मला माफ करा."

"माका कित्याक? तिका सांगा."

दुसऱ्या दिवशी मी दाखल्यांचं रजिस्टर उघडलं. रेश्माच्या नावापुढे, नव्या पत्त्याच्या रकान्यात, एकच शब्द होता, 'गोवंडी'. ना गल्ली, ना खोली नंबर. विचारायचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

अक्षर माझंच होतं.