मागचे दात

“मागचे दात अडकतायत मावशी, जरा घासून घ्या,” असं दातवाल्यांनी फोनवर सांगितलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

चूक कुणाची म्हणाल तर तशी कुणाचीच नाही. दातवाल्यांचा धंदाच कवळ्या करण्याचा. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवायचे, दातवाले त्यांवर दात बसवायचे आणि मावशी ते मशीनवर घासून, पॉलिश करून चकचकीत करायच्या. त्यांच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात ‘मागचे दात’ म्हणजे दाढा, दुसरं काही नाही. पण हल्ली दातवाल्यांच्या डोक्यात दाढा नव्हत्याच. गाडी होती.

गाडी म्हणजे रिमोटवर पळणारी, मातीच्या ढिगाऱ्यांवरून उड्या मारणारी, जुन्या जमान्यातली बग्गी. बग्गी म्हटल्यावर बायकोनं आधी घोडा कुठं बांधणार ते विचारलं होतं. लहानपणी अशीच एक बग्गी दातवाल्यांनी दुकानाच्या काचेला नाक लावून पाहिली होती. ती काही मिळाली नाही. आता भंगारवाल्याकडे तिचा नुसता सांगाडा सापडला आणि गृहस्थ हट्टालाच पेटले. एकेक भाग हातानं करायचा, म्हणजे करायचा. स्प्रिंगा वळून झाल्या, चाकं ओतून झाली. वरचा टप कवळीच्या उरलेल्या मालातून केल्यामुळे तो हुबेहूब हिरडीच्या रंगाचा झाला. आत एक टीचभर ड्रायव्हरही बसवला. तो सगळे दात दाखवून हसत होता, कारण दातवाल्यांना दुसरं हसू करताच येत नव्हतं.

हे सगळं शांतपणे चाललं असतं, पण मध्ये साडू पडले. साडू म्हणजे सासऱ्यांचे थोरले जावई. त्यांच्याकडेही जुनी बग्गी होती, पण आयती. एका शौकिनाकडून पेटीसकट घेतलेली, एक ओरखडा नाही. सासऱ्यांकडे जेवायला जमले असताना साडू म्हणाले, “दातवाले, तुमची गाडी सुरुवातीची रेघ तरी ओलांडणार का? की तिथंच आ वासून बसणार?”

सगळे हसले. साडूंचं बोलणं दातवाल्यांनी मनाला लावून घेतलं नसतं. पण सासरेही हसले. तेसुद्धा खो खो, मांडीवर थाप मारून. ते मात्र लागलं.

“रविवारी बघा,” दातवाले म्हणाले. “सगळ्या फेऱ्या पूर्ण करून दाखवतो. नाही केल्या तर गाडी परत भंगारात.”

रविवारी शाळेच्या मैदानावर जुन्या बग्ग्यांची दोन डावांची शर्यत होती. नियम कडक होता. गाडीतला प्रत्येक भाग एकतर त्या काळचा हवा, नाहीतर स्वतःच्या हातचा. बाजारातून नवा आणलेला साधा स्क्रूसुद्धा चालायचा नाही. आणि शर्यत सुरू करायचा मान सासऱ्यांचा. ते त्याच शाळेत व्यायामशिक्षक होते आणि शिट्टी वाजवावी तर त्यांनीच. फक्त गेल्या वर्षी जोर जरा जास्त झाला, आणि शिट्टीबरोबर खालची कवळीही मैदानात उतरली. म्हणून यंदा ती घट्ट करायला दातवाल्यांकडे आली होती.

आता त्या फोनकडे येऊ. गाडीच्या मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरचे दात झिजून गेले होते. दातवाल्यांनी कवळीच्याच मालातून अख्खा नवा गिअर ओतला. “दात बसवणं हेच तर आपलं काम,” असं म्हणून छातीही फुगवली. पण दात किंचित उंच झाले आणि गिअर अडकायला लागला. त्यांनी तो एका डबीत ठेवला, जुन्या बाजारात जुने स्क्रू धुंडाळायला गेले, आणि तिथल्या गोंगाटातून मावशींना फोन लावला.

“कुठल्या डबीतले?” मावशींनी विचारलं.

“टेबलावरच्या!”

टेबलावर डब्या दोन होत्या. एकीत गिअर, दुसरीत सासऱ्यांची कवळी. मावशींनी एक उघडली, तिच्यात दात दिसले. दुसरी त्या कशाला उघडतील?

“कितपत घासू?”

“मोकळे फिरेपर्यंत!”

“फिरेपर्यंत?” मावशी जरा थबकल्या. पण डॉक्टर लोक काय वाट्टेल ते मागतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. “आणि सगळे घासू की दोनचार?”

“सगळे! एकही सोडू नका!”

मावशींनी एकही सोडला नाही.

संध्याकाळी दातवाल्यांनी कवळीची डबी सासऱ्यांना पोचवली, बिनधास्त, उघडूनही न बघता. सासऱ्यांनी कवळी बसवली, पोळीचा घास घेतला, चावला, परत चावला. मग त्यांनी जावयाकडे असं पाहिलं, जसं शाळेत रांग मोडणाऱ्या मुलाकडे पाहायचे.

“जावईबापू, पुढे लागतंय. मागे नुसतं वारं वाहतंय.”

“बसेल हळूहळू, बाबा.”

“काय बसेल? मागे काही उरलंच नाहीये!”

दातवाल्यांनी कवळी हातात घेतली. दाढांच्या जागी गुळगुळीत मैदान होतं. घाईघाईनं त्यांनी खिशातली दुसरी डबी उघडली. गिअरचे दात जसेच्या तसे, उंचच्या उंच उभे होते. त्यांनी मावशींना फोन लावला.

“मावशी, काय केलंत हे!”

“तुम्हीच म्हणालात, एकही सोडू नका. आता माझ्यावर कशाला दात खाताय?”

फोन ठेवून दातवाले वळले तर बायको कमरेवर हात ठेवून उभी.

“अहो, उद्याचा एक दिवस आहे. बाबांनी परवा शिट्टी वाजवायची, चार शब्द बोलायचे, आणि तोंडात हे असलं? आधी बाबांचे दात, मग तुमची गाडी. कळलं?”

“दोन्ही करतो,” दातवाले म्हणाले.

“होणार आहे का दोन्ही?”

“का नाही होणार? करतो म्हणजे करतो!”

शनिवारी सकाळी त्यांनी तयार दाढा मिळतात का पाहिलं. माल पुरवणारा गावाला गेलेला. कारखान्यातल्या दाढा लावून पाहिल्या तर सगळ्या लहान. सासऱ्यांचा जबडा साधासुधा नव्हता, अनेक वर्षं मैदानभर ‘सावधान’ ओरडून रुंद झालेला होता. मग एकच मार्ग उरला. दातवाले सासऱ्यांच्याच जेवणाच्या टेबलावर हत्यारं मांडून बसले आणि एकेक दाढ हातानं कोरायला लागले. दर थोड्या वेळानं सासऱ्यांना आ करायला लावायचे, मोजायचे, परत कोरायचे. सासरे आधी वैतागले, नंतर खुर्ची जवळ ओढून बघायला लागले.

दुपारी साडू डोकावले. “अरेच्चा! आयत्या दाढा लावायच्या सोडून कोरत काय बसलात? मूर्ती घडवताय की काय?”

“थोरले जावई, मध्ये बोलू नका,” सासरे म्हणाले. “हात हलतो त्यांचा.”

थोरल्या जावयांना या घरात गप्प बसायला सांगितल्याचं कुणाच्याही ऐकिवात नव्हतं. साडू हसत हसत गेले, पण चेहरा जरा पडलाच.

कवळी पक्की करायला पाण्यात उकळावी लागते. बायकोनं कुकर दिला, तोही असा, की जणू स्वतःची किडनीच काढून देतेय. “यात परत अन्न शिजवणार नाही हां मी. नवा कुकर आणा,” असं बजावूनही ठेवलं. कवळी झकास झाली. पण या नादात गिअरच्या वाट्याला राहिली शेवटची घाईगडबड. दातवाल्यांनी तो भराभर घासला. एका दातावर कानस जरा जास्तच फिरली. तो बारीक झाला, पण गिअर फिरला, आणि तेवढ्यावर त्यांनी समाधान मानलं.

रविवारी मैदानावर ही गर्दी. सासऱ्यांनी शिट्टी तोंडात धरली तेव्हा दातवाल्यांचा जीव रिमोटमध्ये नव्हे, कवळीत अडकला होता. शिट्टी खणखणीत वाजली. कवळी हलली नाही. “ठोकळ्यासारखी बसलीय!” सासरे ओरडले आणि गाड्या सुटल्या.

हिरडीच्या रंगाची बग्गी धुरळा उडवत निघाली. पहिल्या वळणावर दोन गाड्या उलटल्या, ही चिकटून राहिली. ढिगाऱ्यावरून उडाली, चारी चाकांवर उतरली, आणि आतला ड्रायव्हर सगळे दात काढून हसतच होता. लोक टाळ्या वाजवायला लागले. दातवाल्यांना वाटलं, आत्ता या क्षणी आपण त्या दुकानाच्या काचेच्या आतल्या बाजूला आहोत.

आणि नेमका तेव्हाच मागून आवाज आला. कट्! पहिल्या डावाची शेवटची फेरी गाडीनं कशीबशी, रडतखडत पूर्ण केली. मध्यंतरात उघडून पाहिलं तर गिअरचा तोच बारीक दात तुटला होता.

“संपलं का?” बायकोनं विचारलं. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

“नाही संपलं. दात हवाय एक. पावडर आहे, चिकटवायचं पाणी आहे, लगेच घट्ट होतं. पण नुसत्या पावडरचा दात टिकायचा नाही. आत काहीतरी पक्कं हवं.” ते पेटी उलटीपालटी करत होते. कपाळावर घाम होता, पण हात थांबले नव्हते.

तेवढ्यात त्यांच्या नाकासमोर एक हात आला. हातात खालची कवळी होती.

“घ्या यातली एक सरळ,” सासरे म्हणाले. खालचे दात नसल्यामुळे ते ‘घ्या यातली एक फरळ’ असं ऐकू आलं.

“बाबा! तुमचं भाषण आहे!”

“भाषण दरवर्षीच होतं. गाडी रोज होत नाही. काढा म्हणतो ना!”

दातवाल्यांचे डोळे भरून आले. पण वेळ नव्हता. त्यांनी मागची एक दाढ कापून काढली, घासली, गिअरमध्ये बसवली आणि वरून पावडर-पाणी भरलं. इतक्यात साडू पंचांना घेऊन हजर.

“माझी हरकत आहे. शर्यतीच्या मध्येच नवा भाग लावलाय. बाजारातली दाढ आहे ती. नियम म्हणजे नियम!”

पंचांनी गिअर हातात घेतला, उलटसुलट पाहिला. असला खटला त्यांच्यापुढे कधी आला नव्हता. “हा भाग हातचा आहे याला साक्षीदार कोण?”

सासरे कमरेवर हात ठेवून पुढं झाले. “फाक्षीदार हेच!” त्यांनी साडूंकडे बोट दाखवलं. “काल माझ्या टेबलाशी येऊन, आयत्या दाढा फोडून कोरत काय बफलात, मूर्ती घडवताय की काय, अफं कोण म्हणालं?”

साडूंची दातखिळी बसली.

“म्हणालात का?” पंचांनी विचारलं.

“म्हणालो,” साडू पुटपुटले.

“मग भाग हातचा. हरकत फेटाळली.”

दुसऱ्या डावात साडूंची गाडी पहिली आली, ते सांगायला हवं. दातवाले मागे लागलेत या भीतीनं साडू शेवटपर्यंत दातओठ आवळून रिमोट दाबत होते. खरं म्हणजे दातवाले त्यांच्या आसपासही नव्हते. त्यांची बग्गी दर चक्राला कट्‌ कट्‌ करत, सावकाश घास चावल्यासारखी, सगळ्यात शेवटी चालली होती. बाकीचे स्पर्धक गाड्या गुंडाळून निघायला लागले, तरी ती चाललीच होती. दातवाले एकेक वळण ओठ चावून घेत होते. शेवटची रेघ तिनं ओलांडली तेव्हा सासऱ्यांनी शिट्टी तोंडात घातली. नुसती हवा गेली. मग त्यांनी ती फेकून दिली आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या.

“केली! फगळ्या फेऱ्या केल्या! धाकटे जावई आहेत माझे!” ते दिसेल त्याला सांगत सुटले. भाषण त्यांनी एवढंच केलं.

सोमवारी कारखान्याच्या दारात साडू उभे राहिले. गालाला रुमाल, हातात डॉक्टरांनी दिलेला साचा. शर्यतीत दात इतके आवळले होते, की मागची दाढ मधोमध तडकली होती.

“मागचा दात आहे,” साडू कण्हत म्हणाले.

आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. “मागचे का?” मावशींनी ओरडून विचारलं. “कितपत घासू? मोकळे फिरेपर्यंत?”

साडू दचकून मागे सरले. दातवाल्यांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, साचा उजेडात धरून पाहिला आणि अगदी नम्रपणे विचारलं, “साडूभाऊ, आयती बसवू, की हातानं कोरू?”

साडूंनी कपाटावरच्या हिरडीच्या रंगाच्या बग्गीकडे पाहिलं. आतला ड्रायव्हर सगळे दात काढून हसत होता.

“हातानं,” ते म्हणाले.