ढोबळे कंपाउंडर आणि रेल्वेची बस

नामदेवभाऊ ढोबळे सुई टोचण्याआधी रोग्याला स्वतःची ओळख करून देत. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा, आणि समोर पालथा पडलेला रोगी डोळे मिटून देवाचं नाव घेत असलेला. अशा वेळी नामदेवभाऊ खाकरून म्हणत, "मी नामदेव चिंतामण ढोबळे. राहणार सावनेर, हल्ली मुक्काम रामदासपेठ. टोचू का जी?" एकदा एका वकिलानं उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेतच आपलं नाव-गाव सांगितलं. झालं. नामदेवभाऊंनी सुई तशीच वर धरून त्याच्या आजोळची चौकशी सुरू केली.

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे ते वीस-बावीस वर्षं कंपाउंडर होते आणि आमच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत. लग्न केलेलं नव्हतं. मी शाळेत मास्तर, म्हणून मला ते 'मास्तर' म्हणत. त्यांच्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे दोन तास हातात ठेवून पडावं लागे. रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याशी ओळख. सिनेमाच्या अंधारात शेजारच्या खुर्चीशी ओळख. माझ्या बायकोनं एकदा त्यांना जाता जाता सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला सांगितला. ते तासाभरानं आले ते भाजीवालीच्या तिन्ही नातवंडांची नावं पाठ करून. सांबार मात्र तिथंच राहिला.

"काहून करता हो असं?" मी एकदा विचारलं.

"ओळख असलेली बरी, मास्तर. उद्या आपण रस्त्यात कुठं पडलो, तं लोकांनी कोणाले सांगावं?"

दर शनिवारी दुपारी ते इतवारी स्टेशनावरून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं सावनेरला जात. तिथं त्यांचे मोठे भाऊ केशवराव आणि वहिनी असत. केशवरावांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी सगळी नोकरी त्याच छोट्या लाइनवर केली, सावनेरच्या अलीकडच्या एका फाटकावर. तीस वर्षं फाटक लावलं, उघडलं, गाडीला झेंडा दाखवला. बोलणं अगदी कमी. नामदेवभाऊ म्हणत, "दादानं गाडीशी बोलून घेतलं. माणसाशी बोलाचं काम माह्याकडं देलं."

त्या केशवरावांच्या घशात गाठ निघाली. नामदेवभाऊ त्यांना मुंबईला घेऊन गेले आणि दीड महिना दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिले. तिथून मला कार्डं येत. त्यात भावाच्या तब्येतीच्या दोन ओळी आणि बाकी वॉर्डातल्या लोकांची नावं-गावं. शेवटच्या कार्डात मात्र एकही नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'दादा म्हणते, मले आपल्या छोट्या गाडीनं घरी ने. फाटकावरून ने. वहिनीलेही तसंच कळवलं आहे.'

चार दिवसांनी डॉक्टरांकडे मुंबईहून फोन आला. केशवराव गेले होते. एवढ्या लांब देह आणणं शक्य नव्हतं, म्हणून तिथंच अग्नी दिला होता. वहिनींना शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. निदान अस्थी तरी दहाव्याच्या आत घरी पोचाव्यात, मग विसर्जनासाठी रामटेकला न्याव्यात, असं ठरलं. रेल्वेचं आरक्षण मिळेना, तेव्हा डॉक्टरांनीच विमानाचं तिकीट काढून दिलं. मी सकाळी त्यांना आणायला सोनेगावच्या विमानतळावर गेलो.

सगळ्यांच्या शेवटी ते आले. अंगावर चुरगळलेलं धोतर, दाढी वाढलेली, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं, लाल फडक्यात बांधलेलं मडकं. मला पाहिल्यावर काय बोलतील याची मला धास्ती होती.

"विमानातली पोरगी म्हणे, हे खाली ठेवा," ते म्हणाले. "मी म्हटलं, बाई, हे माझे मोठे भाऊ. केशव चिंतामण ढोबळे, राहणार सावनेर. मग तिनं पाण्याचा गिलास आणून देला, अन् उतरेपर्यंत तीन खेपा काही पाहिजे का म्हणून इचारून गेली."

आम्ही ऑटोनं इतवारीला आलो. स्टेशनाच्या दारात खडूनं लिहिलेला फळा होता. पुलाच्या दुरुस्तीमुळे गाड्या बंद. प्रवाशांसाठी बसची सोय. रेल्वेचं तिकीट चालेल.

नामदेवभाऊंनी फळा वाचला. पुन्हा वाचला. मग खिडकीवरच्या बाबूला म्हणाले, "एकही नाही का जी? मालगाडी?"

"पूलच उघडा आहे, बाबा. महिना झाला."

ते तिथंच बाकावर टेकले. बावीस वर्षांत मी त्यांना बाबूला नाव न सांगता परत फिरताना कधी पाहिलं नव्हतं.

बस म्हणजे मोठा गमतीचा कारभार होता. दाराशी काळ्या कोटातला तिकीट तपासनीस उभा राहून पुठ्ठ्याच्या तिकिटांना चिमटा मारत होता. एक म्हातारी त्याला विचारत होती, "बायाचा डबा कोणता गा?" गाडीची सुटायची वेळ होईपर्यंत ड्रायव्हरला हलायची परवानगी नव्हती. वाटेत तर आणखी मजा. डांबरी रस्ता सोडून बस प्रत्येक स्टेशनात शिरे आणि गाडी जेवढी थांबते तेवढी मिनिटं रिकाम्या फलाटासमोर उभी राही. चढायला कोणी नाही, उतरायला कोणी नाही. लोक ओरडत, "चला ना बाप्पा, कोणाची वाट पाहून राहिले?" तपासनीस घड्याळ दाखवी.

एरवी हे सगळं नामदेवभाऊंनी किती चवीनं पाहिलं असतं. एव्हाना अर्ध्या बसचं आजोळ त्यांना ठाऊक झालं असतं. ते मांडीवर मडकं घेऊन खाली बघत बसले होते. शेजारच्या शेतकऱ्यानं सहज विचारलं, "दही हाय का जी?"

"नाही," नामदेवभाऊ म्हणाले. "भाऊ आहे."

त्या माणसानं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि मग सावनेरपर्यंत घातली नाही.

पाटणसावंगी सोडल्यावर ते उठले आणि दांड्याला धरत धरत ड्रायव्हरपाशी गेले. मीही मागोमाग गेलो.

"भाऊ, केशवरावाच्या फाटकावरून जाते का बस?"

"फाटक रस्त्यात नाही लागत, काका. कोसभर आत राहते. बैलगाडीची वाट हाय, अन् सारा चिखल."

तपासनीसानं मान हलवली. "स्टेशन असतं तर गोष्ट वेगळी होती. फाटकाला थांबा नाही."

"हो, बरोबर," नामदेवभाऊ म्हणाले. वाद घातला नाही. परत फिरताना फक्त मला हळूच म्हणाले, "तीस वर्ष त्यानं सगळ्याईले थांबवलं, मास्तर. आज त्याच्यासाठी कोणाले थांबाले सांगावं?"

हे ड्रायव्हरनं ऐकलं असावं. थोड्या वेळानं एका बाभळीपाशी त्यानं बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "काका, ते पहा. पऱ्हाटीच्या पलीकडं पांढरं दिसते ना, ते फाटक. उतरायचं असंल तं उतरा. आम्ही थांबतो."

लांबवर, कपाशीच्या शेतापलीकडं, पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिसत होता. रूळ दिसत नव्हते.

"नको गा," नामदेवभाऊ म्हणाले. "लोकांले घरी जायचं आहे."

खिडकीपाशी मघाची म्हातारी बसली होती. ती उठून बाजूला झाली. नामदेवभाऊंनी मडकं उचलून खिडकीच्या गजांपाशी धरलं. मी खालून हात लावला. ओठ हलताना दिसले, पण शब्द मला ऐकू आले नाहीत. मग त्यांनीच ड्रायव्हरला सांगितलं, "चला जी."

सावनेरला पोचेपर्यंत दुपार टळली होती. अस्थी घरात नेत नाहीत, म्हणून मडकं बांधायला शेजाऱ्यांनी अंगणातल्या लिंबाची फांदी आधीच मोकळी करून ठेवली होती. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. दीड महिन्यात त्या इतक्या वाळल्या होत्या की मी त्यांना आधी ओळखलंच नाही. नामदेवभाऊंनी मडकं फांदीला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि वहिनींसमोर जाऊन उभे राहिले.

वहिनींनीच विचारलं, "कशानं आले, भाऊजी?"

मी नामदेवभाऊंकडे पाहिलं. सावनेरात महिनाभर गाडी आली नव्हती. हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. शेजारचे दोघे-तिघे चुळबुळले.

"गाडीनं, वहिनी," नामदेवभाऊ म्हणाले. "आपल्या छोट्या गाडीनं. दादाले खिडकीपाशी बसवलं होतं. फाटकावर सगळे उभे होते."

वहिनींनी लिंबाकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "शिटी आली ना मले ऐकू. म्हटलं, आले आता."

मग त्या भिंतीला धरून उठल्या, आतून पाण्याचा गडवा घेऊन आल्या आणि दिराच्या पायांवर पाणी घालू लागल्या.