हायड्रोजनमुक्त कॉफीखोली

बाल्टिक किनाऱ्यावरच्या आमच्या रसायनशास्त्र संस्थेत हायड्रोजनच्या सिलिंडरला बंदी झाली, तेव्हा कोणाचीच हरकत नव्हती. हायड्रोजन भडकतो, आणि सुरक्षा समितीचे अध्यक्ष वीबूश यांना भडकणारी कुठलीच गोष्ट आवडत नाही. माणसंसुद्धा.

पंचाईत झाली ती गेसाची. आमच्या शेजारच्या टेबलावर ही पोरगी डॉक्टरेट करत होती आणि तिचं एकच पाऊल उरलं होतं: एका पिवळ्याजर्द नायट्रो संयुगाला हायड्रोजन देऊन त्याचं बिनरंगी अमाइन करायचं. एवढं झालं की डॉक्टरेट, आणि डॉक्टरेट झाली की हाम्बुर्गची नोकरी. नाही झालं, तर उन्हाळा सरताच आईच्या बेकरीत पाव विकायचे.

पण गेसा हिकमती. "सिलिंडर हवाय कशाला?" ती तिचे मार्गदर्शक प्रोफेसर ल्यूडर्स यांना म्हणाली. "सर, अमोनियम फॉर्मेट घेते. पांढरं मीठच आहे. पॅलेडियम लावलेला कोळसा सोबत टाकला की ते स्वतःतला हायड्रोजन सोडतं आणि नायट्रो तो उचलतं. वायू भरायची भानगडच नाही." सर खूश. परवानगीसाठी दोघं वीबूशांकडे गेले.

"हायड्रोजन कुठून येतो म्हणालात?" वीबूशांनी शांतपणे विचारलं.

"मिठातून."

"म्हणजे मीठ हा हायड्रोजनचा साठा झाला. साठ्याचे नियम लागू."

झालं. मिठाची बरणी सिलिंडरसारखी साखळीने बांधून अंगणातल्या जाळीच्या पिंजऱ्यात रवाना झाली. आता हे मीठ हवेतली ओल पिणारं, आणि आमच्याकडची समुद्राकाठची हवा ही अशी दमट. सोमवारी पाहिलं तर बरणीत पाक. गेसा चिडली आणि चिडीत बोलून बसली, "अहो, असं म्हटलं तर हायड्रोजन पाण्यातही असतो."

वीबूशांचा चेहरा पडला. "हे समितीला आजवर कोणी कळवलं कसं नाही?"

दुपारपर्यंत सगळे नळ सील झाले. शौचालयांचा विषय उपसमितीकडे गेला. तो तिथे असेपर्यंत आम्ही पलीकडच्या ग्रंथालयात जात होतो. हे सगळं आम्ही निमूटपणे सोसलं. पण सकाळी नऊला समितीची कॉफी असते, आणि कॉफीत पाणी असतं. तातडीची सभा बसली आणि ठराव झाला: 'कॉफीखोली हे हायड्रोजनमुक्त क्षेत्र मानण्यात यावे.' सगळ्यांनी सह्या केल्या, ल्यूडर्सांनीही. मग कॉफी आली, बटरकेक आला.

गेसाने ठराव नीट वाचला आणि नवी बरणी, फ्लास्क, पिवळी पूड असं सगळं बिऱ्हाड कॉफीखोलीत नेलं. तिथे हायड्रोजन नाहीच, तर हरकत कशाची? वीबूशांनी आपली बशी उचलून तिला जागा करून दिली. फ्लास्कमध्ये बुडबुडे आले, पिवळा रंग गेला. कोळसा तिने कॉफीच्या कागदातून गाळला आणि ओलाच झाकून ठेवला, कारण हा कोळसा वाळला तर आपसूक पेटतो. त्याबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही. विषय हायड्रोजनचा होता.

तोंडी परीक्षेला गेसाने टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक पिवळी, एक बिनरंगी. यंत्राचे आलेखही जोडले. आम्ही खूप आशेने मागे बसलो होतो. परीक्षा होत आली आणि वीबूशांनी हात वर केला. नव्या नियमाप्रमाणे तेही परीक्षक होते.

"प्रयोग कुठे केलात?"

"कॉफीखोलीत. तुमच्या शेजारीच."

"तिथे हायड्रोजन नाही. मग नायट्रोचं अमाइन झालं कसं?"

"अहो, झालंय. हे बघा ना, रंगच गेलाय."

"रंग आम्हालाही दिसतो, बाई. पण ठराव झालेला आहे. या बाटलीत नायट्रोच असणार."

गेसा सरांकडे वळली. "सर, तुम्ही तरी सांगा."

ल्यूडर्स चष्मा पुसू लागले. "गेसा, केमिस्ट्री तुझी बरोबर आहे गं. पण ठरावावर माझीही सही आहे."

मतदान झालं. बाटलीत नायट्रो असल्याचं एकमताने ठरलं. ल्यूडर्सांचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला, पण गेला. गेसाने दोन्ही बाटल्या उचलल्या आणि ती कोणाकडे न बघता निघून गेली. आम्हाला फार वाईट वाटलं.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्ही हात वर केलात ना, तो कशासाठी होता, आठवतंय?