मल्लण्णाचा कळप

आमच्या गावचा डीजेवाला नाचणाऱ्या माणसांना भितो. थट्टा नाही ही. कुत्र्याला भिणारा पोस्टमन मी पाहिलाय, सुईला भिणारा कंपाउंडर पाहिलाय. पण ज्याच्या एका बोटावर शंभर माणसं नाचतात, तो ट्रॉलीवर उभा राहून घोंगड्याच्या आत लटलट कापतोय, हे फक्त आमच्या चिंचखेडात.

चिंचखेड औराद तालुक्यात. ओढा ओलांडला की महाराष्ट्र. मल्लण्णा पन्नाशीच्या पुढचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस. मे महिन्यातही खांद्यावर काळं घोंगडं आणि हातात डोक्याच्या वर जाणारा बांबू. जन्म मेंढरांमागं गेला. मग गायरानाला कुंपणं पडली, दोन्ही पोरं हैदराबादला इमारतींच्या कामावर गेली, आणि यानं मेंढरं विकून डीजे घेतला. गावानं कपाळावर हात मारला. यानं स्पीकरच्या खोक्यावर रंगानं एक एडका काढला आणि खाली आपल्या खंडोबाचं कानडी नाव लिहिलं, ‘मैलार साउंड’.

मी पत्रकं काढतो. औरादला झेरॉक्स काढायची, बाजाराच्या दिवशी वाटायची, शिव्या खायच्या, परत यायचं. हुंडा, लग्नातली उधळपट्टी, शाळेची गळकी खोली, कशाविरुद्ध काढलं नाही ते विचारा. डीजेविरुद्धही काढलं होतं: ‘कान वाचवा, डीजे हटवा!’ पहिली प्रत मल्लण्णाच्याच हातात दिली. मला वाटलं, भांडण होईल. मी तयारीनं गेलो होतो.

त्यानं पत्रक डोळ्यांजवळ धरून अक्षर-अक्षर लावत वाचलं. मग म्हणाला, “लई चांगलं लिवलास. पर ह्यात खांबाचं कामून न्हाई लिवलं?”

“कुठला खांब?”

“मारुतीच्या बोळातला, वाकलेला. आवाजानं कान जायलेत, खरं हाय. वायरीनं माणूस जातंय की रे.”

तर असा हा माणूस. लग्नाच्या आदल्या दिवशी तो मिरवणुकीची वाट एकट्यानं चालून बघायचा. मान वर, बांबू उभा, प्रत्येक तारेखाली थांबायचा. बायका पाण्याला जाताना हसायच्या. “मल्लण्णा, आभाळ किती वार भरलं?” तो गंभीरपणे सांगायचा, “हितं एक हात कमी हाय, अक्का.”

त्याची भीती एका वाक्यात मावायची, आणि ते वाक्य तो दिवसातून दहादा म्हणायचा: “कळप थांबला की बिथरतंय.” दोन गाण्यांच्या मधे श्वासाएवढी फट पडली तरी त्याच्या कपाळाला घाम यायचा. “गाणं थांबलं की माणूस काय करतंय, बघ. समदे ‘लाव, लाव’ करत माझ्याकडंच धावतेत. तेंच्या पायाखाली काय हाय ते कुणीच बघत न्हाई.” म्हणून तो एक गाणं संपायच्या आधी दुसरं त्याच्याखाली हळूच सोडून ठेवायचा. आणि त्या सांध्यावर माइकमध्ये मेंढरं हाकायची हाळी घालायचा, “हिर्रर्रर्र!” पुण्याहून लग्नाला आलेली पोरं तिला मल्लण्णाची स्टाइल म्हणायची. आपल्याला हाकतायत हे एकालाही कळलं नव्हतं.

शिकायचंच असेल तर त्याच्याकडून शिकावं, असं मी, डीजेचा जाहीर विरोधक, इथं लिहून देतो. तो कधीच जोरदार गाण्यानं सुरुवात करायचा नाही. “गोठ्यातून निघालेलं जनावर लगीच पळवायचं नसतंय.” तो तोंडाकडं बघायचा नाही, पायाकडं बघायचा. “तोंड लबाड असतंय. दमलं तरी हसतंय. पाय खोटं बोलत न्हाईत.” प्रत्येक गर्दीत एक म्होरक्या असतो, तो नवरदेवाचा दोस्त नसतो, सगळ्यात चांगला नाचणाराही नसतो. त्याला हुडकायचं, गाणं त्याच्यासाठी लावायचं, आणि तो थकायच्या आधी दुसरा हेरून ठेवायचा. मधल्यांची काळजी करायची नाही, ते नाचतातच. काठावरच्या आजीबाईंसाठी मधेच एखादं जुनं गाणं टाकायचं. “कड सुटली की कळप सुटला.”

आणि सगळ्यात गाजलेली त्याची करामत म्हणजे बसवणं. शेताला खत मिळावं म्हणून मेंढरं रानात बसवतात, तसा तो नाचणारी माणसं बसवायचा. गाणं रंगात आलं की आवाज बारीक, बारीक, आणि माइकवर, “बसा... बसा... खाली बसा...” शंभर माणसं उकिडवी. धूळ खाली येईपर्यंत शांतता. मग चार शिट्ट्या, धडाम् आवाज, आणि सगळी एकदम हवेत. यानं माणसांना दम मिळायचा, आणि त्यांना वाटायचं मजा चाललीय.

हे सगळं चालू असताना त्याचे ओठ हलत असायचे. लोक म्हणायचे, मैलाराचं नाव घेतोय. मलाही तेच वाटलं होतं. मनात म्हटलं, यावर एक पत्रक काढायला पाहिजे.

पण आधी खांब. कुणाच्या तरी टिपरनं मागं येताना त्याला कंबरेतून वाकवला होता. तारा इतक्या खाली आल्या होत्या की वारा सुटला की एकमेकींवर घासून चरचर आवाज यायचा. मी अर्ज लिहिला आणि सह्या मागत दारोदार फिरलो. एकानंही सही केली नाही. का? कारण बोळातल्या प्रत्येक घरानं त्याच तारांवर आकडे टाकून फुकट वीज घेतलेली! लाइनमन खांब बघायला आला तर आकडे दिसणार. “राहू दे की बाबा, पडला न्हाई अजून,” असं मला सरळ तोंडावर सांगितलं गेलं. माणसं मेली तर चालतील, पंखा बंद पडायला नको! हे मी पत्रकात छापणार होतो. मग संध्याकाळी आमच्या घरावर नजर गेली. वडिलांचा आकडा तिथंच लोंबत होता.

अर्जावर दोनच सह्या झाल्या. एक माझी, दुसरी मल्लण्णाची, कानडीत.

मग किराणावाल्या शिवप्पांच्या बसूचं लग्न आलं. बसू हैदराबादला नोकरीला, दोस्त पंधरा-वीस तिकडूनच आलेले. दिवस कलायच्या आधी परण्या निघाला, म्हणजे नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला. पुढं ट्रॅक्टर, ट्रॉलीवर मल्लण्णा आणि त्याची खोकी, तोंडं मागं. ट्रॉलीच्या मागं नाचणारे, त्यांच्या मागं बायका, नवरदेव, आणि शेवटी घोड्यापाशी हलगीवाले. हलगीवाल्यांना काम नव्हतं, हलग्या काखेत मारून नुसते चालत होते. मी काठानं भिंत धरून चाललो होतो, खिशात पत्रकं.

बोळाच्या तोंडाशी वारा सुटला. मल्लण्णानं ट्रॅक्टरवाल्याला हातानं “चल, चल” केलं. ट्रॉली खांबाखालून निघून गेली, आठ-दहा हात पुढं गेली, आणि तार तुटली.

मी ती पडताना पाहिली. ट्रॉली आणि नाचणारे यांच्या मधोमध ती आडवी पडली, टोकाला निळी ठिणगी उडाली आणि धुळीत गेली. वर्षभर जी वीज दुपारी कधी नसते, ती त्या दिवशी होती! आवाज इतका मोठा की कुणाला काही ऐकू गेलं नाही. पहिली रांग डोळे मिटून, हात वर करून पुढं सरकत होती. तारेपासून दहा पावलांवर. मी तोंड उघडलं. गेली चार वर्षं ज्या तोंडानं मी गावाला गप्प बसू दिलं नाही, त्यातून फुंकरसुद्धा निघाली नाही. पाय भिंतीला चिकटले होते.

मल्लण्णाला दिसली होती. त्याच्या अंगावरचं घोंगडं थरथरत होतं. मला वाटलं, आता हा ओरडेल, नाहीतर गाणं बंद करेल. आणि मग मला त्याचंच बोलणं आठवलं. गाणं थांबलं की सगळे त्याच्याकडे धावणार. सरळ तारेवरून.

आवाज हळूच बारीक झाला. “बसा...”

आठ पावलं.

“बसा, माझ्या राजांनो... खाली बसा...” आवाज नेहमीचा, लाडीगोडीचा. पहिली रांग हसत उकिडवी बसली, मग दुसरी, मग सगळी. “पत्रकवाल्या, तू बी बस की! लाजायलास कामून?” सगळे माझ्याकडं बघून हसले. मी बसलो.

एरवी चार शिट्ट्यांत सोडायचा. तो सोडेना. पोरं कुरकुरली. “अण्णा, सोड की! मांड्या भरून आल्या!”

“न्हाई अजून. आज नवीन खेळ हाय. बसल्या जागी पाठ फिरवा. नवरदेवाकडं तोंड करा. हां... अस्सं. आता हलगीवाल्यांनो, मी बारीक होतो. तुमचं चालू द्या!”

हलगीवाल्यांचा क्षणभर विश्वास बसला नाही. मग मागून हलगी कडाडली. इकडं मल्लण्णानं आपला आवाज तिच्याखाली असा विरघळवला की कुठं एक संपलं नि दुसरं सुरू झालं ते कळलं नाही. गर्दी उठली, ती मागच्या बाजूलाच, आणि हलगीमागं नाचत खाऱ्या विहिरीच्या दुसऱ्या वाटेनं निघून गेली. बोळ रिकामा. तारेच्या अलीकडं मी, पलीकडं ट्रॉलीवर तो.

“लायनमनला सांग जा,” तो माइक बाजूला करून म्हणाला. “पळ. भिंतीकडनं जा.”

मी पळालो. लाइनमनचं घर वेशीबाहेर, तो झोपलेला, उठवला, डीपीवरून वीज काढायला लावली, तुटक्या तारेपाशी त्याला उभा केला. मांडवापाशी पोचलो तेव्हा गोरज मुहूर्ताच्या अक्षता पडून गेल्या होत्या आणि बसूचे मामा चन्नाप्पा मल्लण्णाला झोडपत होते.

“परण्या उलटा फिरवलास! पोराच्या लग्नात अपशकुन केलास! अक्कल हाय का मेंढक्या?”

“हौ अप्पा, चुकलं,” मल्लण्णा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. आता मात्र तोंड उघडलं होतं. “मामा, तुमच्या त्या बोळात...” मल्लण्णानं बांबू माझ्या पायापुढं आडवा टाकला. मामा निघून गेल्यावर म्हणाला, “जेवू दे तेंला. भ्यालेलं खात न्हाई.”

पुढं काय झालं ते थोडक्यात: दुसऱ्या दिवशी सगळं गावाला कळलं, खांब सरळ झाला, आकडे निघाले, आणि आठवडाभर घराघरांतून आम्हा दोघांना शिव्या बसल्या. त्यावर माझं स्वतंत्र पत्रक आहे. इथं मला त्या संध्याकाळचंच सांगायचंय.

मांडवाच्या दाराबाहेर तो बांबू धरून उभा होता. ओठ हलत होते.

“झालं की आता, अण्णा. देवाचं नाव किती घेता?”

“नाव कुठलं रे. मोजायलोय.”

“काय?”

“निघताना एकशे सतरा व्हते. ह्या दारातनं आत गेले एकशे सोळा. दोनदा मोजलं. एक कमी पडायलंय.”

बोळ डोळ्यापुढं आला, ती धूळ, ती तार. कुणी मागं राहिलं होतं का? भिंतीपलीकडं कुणी पडलं होतं का? पळताना मी मागं बघितलंच नव्हतं. “कोण?” मी विचारलं. “अण्णा, कोण कमी आहे?”

तो माझ्याकडं बघत राहिला. खालपासून वरपर्यंत. मग बांबूचं टोक त्यानं हळूच माझ्या छातीला टेकवलं.

“एकशे सतरा,” तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

मी त्याच्या शेजारी बसलो. “मी तर नाचत नाही,” मी म्हणालो. “तुमच्याविरुद्ध पत्रकं काढतो. मला कशाला मोजता?”

“नाचणारं दमलं की आपलं आपण घरला जातंय,” तो म्हणाला. “कडंला हुबारलेलंच हरवतंय.” मग थोड्या वेळानं, “थोरलं पोरगं असंच होतं माझं. कडंलाच हुबारायचं. तिकडं हैदराबादेत तेला कोण मोजतंय.”

आत पंगत बसत होती. कुणीतरी मला हाक मारली. मी उठलो, दारातून आत शिरलो. वाढपी पत्रावळी टाकत होते. सवय नसताना मी मागं वळून बघितलं. तो उठला होता, पण तिथंच, दाराच्या कडेला, बांबूला टेकून उभा. कळप मोजणारा स्वतःला धरत नाही.

मी परत गेलो आणि त्याच्या दंडाला धरलं.

“गर्दी हाय रे आत,” तो पुटपुटला. “भ्या वाटतंय.”

“मला पण वाटतंय,” मी म्हणालो. “चला. एकशे अठरा.”